गावच्या मैदानावर सगळ्यांनाच खेळता यावं म्हणून

गावात पोरांना कबड्डी किंवा खो-खो शिकवायला लागणार असाल, तर पहिल्यांदा एक दोनशे पानी वही घ्या. शिट्टी चार दिवसांनी आणली तरी चालते. त्या वहीत कोण आलं हे तर लिहाच, पण कोण आलं नाही आणि का आलं नाही, हे त्याहून नीट लिहा. महिनाभरात पानं काही अशी भरतील : कापूस वेचायला गेली. लहान भावाला सांभाळायचं होतं. बाबा नाही म्हणाले. पोट दुखत होतं. पायजमा फाटला. मागच्या वेळी सगळे हसले.

माझं सगळं शिकवणं या यादीवर उभं आहे. चांगली खेळणारी पोरं कशीही मैदानावर पोचतात. जे पोर सगळ्यात आधी यायचं बंद होईल असं वाटतं, त्याच्या हिशोबानं वेळ, कपडे, पाणी, बोलणं आणि संघ ठरवा. बाकीच्यांचं आपोआप नीट होतं.

मी अमरावतीच्या हव्याप्रमधून, म्हणजे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातून, बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, केली. १९१४ साली सुरू झालेली ही संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथल्या पथकानं तिथं जाऊन आपले देशी खेळ करून दाखवले होते. त्या मातीवर मी कबड्डी शिकले आणि लग्नानंतर यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडच्या एका गावात आले. शिवारात कापूस, तूर, सोयाबीन. एका अंगाला कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे वस्ती, दुसऱ्या अंगाला बंजाऱ्यांचा तांडा. पुढं लिहिलंय ते या मैदानावरचं आहे. गावातलं खेळाचं मंडळ चालवणारी तरुण पोरं, शाळेतले गुरुजी आणि स्वतःचा खेळ लग्नानंतर सुटलेल्या पण शिकवायची इच्छा असलेल्या बायका, यांच्यासाठी लिहितेय.

वेळ ठरवताना

डिसेंबरात साडेपाच-पावणेसहाला सूर्य बुडतो. शाळा पाचला सुटते. घरी दप्तर टाकून, पाणी भरून पोरगी मैदानावर येईस्तोवर अंधार पडलेला असतो. पोरं अंधारातही खेळतात, पोरीला घरून कोणी सोडत नाही, आणि मग गाव म्हणतं की पोरींना खेळाची आवडच नाही. हिवाळ्यात पोरींचा सराव शाळेच्या आवारातच घ्या. मुख्याध्यापकांना भेटून शेवटचा तास खेळासाठी मागा. मानव विकास कार्यक्रमाच्या, मुलींना शाळेत नेणाऱ्या निळ्या बसनं शेजारच्या गावांतून येणाऱ्या मुली असतील तर बस सुटायच्या पंधरा मिनिटं आधी सराव थांबलाच पाहिजे. एकदा बस चुकली की त्या पोरीचा खेळ तर जातोच, घरचे शाळेचाही विचार करू लागतात.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत आणि कापसाच्या वेचणीत पोरं गळणारच. त्यांना रागावू नका, आणि त्या दिवसांत संघनिवड तर अजिबात ठेवू नका. नाहीतर ज्यांच्या घरी मजूर लावायची ऐपत आहे त्यांचीच पोरं संघात बसतात. मार्च-एप्रिलात पोडावरची पोरं पहाटे मोहफुलं वेचायला जातात. उन्हामुळं आपण सराव सकाळी ओढतो आणि नेमकी तीच पोरं सुटतात. मी त्या दोन महिन्यांत संध्याकाळी सहानंतर घेते. तेव्हा उजेड असतो, ऊनही उतरलेलं असतं.

आता मैदान. बहुतेक गावांत मैदान एकच आणि त्यावर टेनिस बॉल क्रिकेटवाल्यांचा ताबा. जानेवारीत बक्षिसाचे सामने लागले की महिनाभर दुसऱ्या कोणाला पाय ठेवता येत नाही. इथं भांडून काही मिळत नाही. ग्रामसभेत विषय मांडा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांना बहुतेक गावांत ग्रामसभा असते. आठवडाभर आधी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या : मैदान कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाला. ठराव झाला की त्याची प्रत घ्या आणि वेळापत्रक शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्या. सभेला पोरींच्या आया बसल्या पाहिजेत, नुसत्या तुम्ही एकट्या उभ्या राहिलात तर विषय पुढच्या सभेवर जातो. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळालाही त्याच सभेत विचारा की मुलींच्या सामन्याला पहिलं बक्षीस मुलांएवढंच ठेवाल का. चारचौघांत नाही म्हणणं जड जातं.

काळ्या मातीवर पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. एक-दोन ट्रॉली मुरूम टाकून दाबून घ्या, सराटे आणि बाभळीचे काटे दर आठवड्याला पोरांसोबत वेचा, फक्कीनं रेषा आखा. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर आणि महिलांचं १२ बाय ८ मीटर असतं. लहान पोरांना त्याहून छोटं आखा, म्हणजे चढाईला गेलेलं पोर दम लागून अर्ध्यातून परत फिरणार नाही.

कपड्यांबद्दल एवढंच, की हाफ पँटचा हट्ट सरावात धरू नका. ट्रॅक पँट, सलवार, भावाचा जुना टी-शर्ट, काहीही चालतं. ओढणी मात्र काढून बाजूला ठेवायला लावा, पकडीत गळ्याला फास बसू शकतो. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही हे पोरीनं ठरवावं, तिला कारण विचारू नका. शाळेच्या मुलींच्या संडासाची किल्ली सरावाच्या वेळी तुमच्याकडे असली पाहिजे आणि तिथं पाणी असलं पाहिजे. पॅडचं पाकीट प्रथमोपचाराच्या पेटीत ठेवा, मागावं लागू नये अशा जागी.

बोलताना

मैदान सोडण्याची कारणं मी वहीत लिहीत गेले, तेव्हा सगळ्यात जास्त पोरं शब्दांमुळं गेलेली दिसली. "तुह्यानं होत नाही, बस तिकडे." एवढं वाक्य पुरतं. मोठ्या माणसाला ते संध्याकाळी आठवतही नाही.

अमेरिकेत सिअॅटलजवळ रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांच्या बेसबॉल संघांवर काम केलं. काही प्रशिक्षकांना त्यांनी शाबासकी कशी द्यायची, चूक झाल्यावर धीर आणि नेमकी सूचना कशी द्यायची, हे शिकवलं. १९९२ च्या अभ्यासात दिसलं की अशा प्रशिक्षकांची ५ टक्के मुलं पुढच्या हंगामात आली नाहीत, आणि न शिकलेल्या प्रशिक्षकांची २६ टक्के. खेळ तोच होता, बोलणं वेगळं होतं. तिकडेच १९९८ साली जिम थॉम्पसन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात पॉझिटिव्ह कोचिंग अलायन्स सुरू केली. त्यांचा एक आग्रह मला इथं फार उपयोगी पडला : एका दुरुस्तीमागे साधारण पाच खऱ्या शाबासक्या.

खऱ्या, हे महत्त्वाचं. "वा वा, छान" असं दिवसभर म्हटलं की पोरांना ते वाऱ्यासारखं होतं. जे पाहिलं तेच सांगा. (निदान रेषा म्हणजे चढाईत ओलांडावीच लागते ती रेषा; कॉर्नर आणि कव्हर या पकड करणाऱ्यांच्या जागा.) "निदान रेषा ओलांडून परत आलीस, आणि शेवटपर्यंत नजर कॉर्नरवर होती." "तू साखळी सोडली नाहीस, म्हणून कव्हरला पकड करता आली." "आज दम तुटला नाही तुझा." यात पोरीला कळतं की उद्या पुन्हा काय करायचं. आणि ही शाबासकी गुण मिळालेल्या चढाईपुरती ठेवू नका. बाद होऊन आलेल्या पोरानं जर बोनससाठी पाय बरोबर टाकला असेल तर ते सगळ्यांसमोर सांगा.

दुरुस्ती मात्र जवळ जाऊन, हळू आवाजात, एकाच गोष्टीची. "उजवा पाय आधी टेकला म्हणून तोल गेला. आता डावा पुढे टाकून पाहा." झालं. लगेच पुन्हा करायला द्या. तीन चुका एकदम सांगितल्या तर एकही सुधारत नाही. सामना चालू असताना बाहेरून ओरडून शिकवू नका, पोर तुमच्याकडे बघतं आणि तिकडून पकड होते.

चूक झाल्यावर काय करायचं याची एक खूण ठरवून टाका. आमच्याकडे दोन्ही तळहात एकमेकांवर झटकायचे, माती उडवल्यासारखे. बाद झालेलं पोर हात झटकतं, बाजूचे सगळेही झटकतात, आणि विषय संपतो. ही खूण मी सामन्यात बाहेरच्या बाकावरून करते तेव्हा माझा आवाज पोचायची गरज पडत नाही.

शिक्षा म्हणून मैदानाला चकरा मारायला लावणं, उठाबशा, छडी, हे सगळं बंद. शाळेत तर बालकांच्या शिक्षण हक्क कायद्यानं, २००९ च्या कलम १७ नं, मारणं आणि मानसिक छळ दोन्हीवर बंदी आहे. पण कायदा नसता तरी धावण्याची शिक्षा करू नये, कारण ज्या पोराला धावायला आवडावं म्हणून तुम्ही धडपडताय त्याला धावणं म्हणजे अपमान असं शिकवून बसता. पोर उशिरा आलं, दंगा केला, तर पुढच्या फेरीला त्याला बाहेर बसवून गुण लिहायला द्या आणि नंतर परत आत घ्या.

आडनावानं हाक मारू नका. गावात आडनाव म्हणजे जात, आणि जात म्हणजे कोणाशेजारी कोण बसणार हे ठरलेलं. पाळण्यातलं नाव घ्या. जोड्या पोरांना पाडू देऊ नका, तुम्ही चिठ्ठ्या टाका, नाहीतर पोडाची पोरं पोडाच्या पोरांसोबत, तांड्याची तांड्याच्या पोरांसोबत, आणि गावातली एकीकडे. पाण्याची घागर आणि ग्लास एकच ठेवा. कोणी "मी घरून आणतो" म्हणालं तर उन्हाळ्यात आणू द्या, पण वेगळी घागर मैदानावर मांडू देऊ नका. यावर एखाद्या घरून निरोप येतो. आला तर जाऊन बसायचं, चहा घ्यायचा, आणि घागर एकच राहील हे शांतपणे सांगून यायचं.

पोडावरची लहान पोरं घरी कोलामी बोलतात, तांड्यावरची गोरमाटी. पहिले काही दिवस ती गप्प असतात म्हणून त्यांना समजत नाही असं धरू नका. सूचना करून दाखवा. त्यांच्यातल्या मोठ्या पोराला मदतनीस करा. आणि दर आठवड्यात एक सराव पोडावर किंवा तांड्यावर जाऊन घ्या. गावातल्या पोरांना तिथं चालत जाऊ द्या. खेळायला येणं ही एकाच बाजूची जबाबदारी नसावी.

मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच पोरं एव्हरेस्टवर चढली. त्यात मनीषा धुर्वे ही मुलगी होती. या पोरांना आदिवासी विकास विभागानं निवडून, दूरवर नेऊन शिकवलं, तेव्हा हे झालं. आधी कोणी विचारलंच नसतं तर ती पोरं जिवतीच्या डोंगरातच चढत-उतरत राहिली असती. आपल्या पोडावर कोण काय करू शकतं हे आपल्यालाही विचारल्याशिवाय कळणार नाही.

कानानं ऐकू न येणारं पोर असेल तर शिट्टीसोबत लाल रुमाल वर करा. असं पोर चढाईत "कबड्डी कबड्डी" म्हणू शकत नसेल तर गावातल्या खेळात त्यानं एक हात वर धरून चढाई करावी, हात खाली आला की दम तुटला, असा नियम सगळ्यांनी मिळून करा. पाय अधू असलेल्या पोराला गुणलेखक करून मोकळं होऊ नका. त्याला आधी विचारा. आमच्या मैदानावर असा एक पोरगा बसून घोटा पकडतो आणि त्याच्या हातातून सुटणं सोपं नाही. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा खेळाचाही हक्क सांगतो, तो कागदावरून मातीत आणायचं काम आपलं.

सिकलसेल आणि ऊन

हा भाग विदर्भात शिकवणाऱ्या प्रत्येकानं वाचावा. आपल्याकडे सिकलसेल पुष्कळ घरांत आहे, आणि ज्याला माहीत नाही तो प्रशिक्षक अशा पोराला आळशी म्हणतो. रक्तातल्या लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडं-सांधे, पाठ, छाती दुखायला लागते. अंगातलं पाणी कमी होणं, अति दम लागणं, फार ऊन आणि फार थंडी, यानं त्रास उसळतो.

सुरुवातीलाच आशाताईंना सोबत घेऊन प्रत्येक पोराच्या घरी विचारा : तपासणी झाली का, पोर ग्रस्त (आजार असलेलं) आहे की वाहक (आजार रक्तात पुढं नेणारं, पण स्वतः आजारी नसलेलं). झाली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या. मिळालेली माहिती तुमच्या वहीत, खुणेनं, दुसऱ्याला कळणार नाही अशी ठेवा. मैदानावर मोठ्यानं कधीच बोलू नका. गावात यावरून लग्नं मोडतात.

ग्रस्त पोरानं किती खेळायचं हे डॉक्टरांना विचारून ठरवा. बहुतेकांना हलका खेळ जमतो. त्याला हवं तेव्हा बसायची मुभा हवी आणि बसल्यावर "का बसलास" हा प्रश्न नको. लागोपाठ जोरात धावण्याचे प्रकार त्याला देऊ नका, पावसात भिजलेल्या कपड्यांत थांबवू नका. छातीत दुखलं, श्वास लागला, ताप चढला, पोटाच्या डाव्या बाजूला जोरात दुखलं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा वाटला तर घरी सोडायला जाऊ नका, थेट दवाखाना. वाहक पोरं साधारणपणे सगळ्यांसारखीच खेळतात, पण भर उन्हात तहानलेल्या पोटी अचानक जोर लावला तर त्यांनाही धोका असतो. म्हणून मी नियम सगळ्यांना एकच ठेवलाय : दर पंधरा मिनिटांनी सगळे पाणी पितात. त्यामुळं कोणासाठी थांबलो हे कोणाला कळत नाही. उन्हाळ्यात घागरीशेजारी साखर-मिठाचं पाणी : एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

पोरींमध्ये रक्त कमी असणं तर घरोघरी आहे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवण झाल्यावर, आपल्यासमोर घ्यायला सांगा. पोर सकाळपासून उपाशी आहे का हे सरावाआधी विचारा. भिजवलेले चणे आणि गूळ एवढं मंडळाला सहज परवडतं.

पोरं सुरक्षित राहावीत म्हणून

कबड्डीत अंगाला हात लागतो. पोरींना पकड शिकवताना बाईनं किंवा मोठ्या खेळाडू पोरीनं करून दाखवावं. गुरुजी एकटेच असतील तर अंगणवाडीताई, एखादी आजी, कोणीतरी बाई सरावभर मैदानावर बसलेली असावी. बंद खोलीत एकट्या पोराशी बोलणं नाही, रात्री फोनवर संदेश नाहीत, बाहेरगावी जाताना सोबत बाई असल्याशिवाय गाडी निघत नाही. हे नियम पोरांपुढं आणि पालकांपुढं वाचून दाखवा. पोरगा असो की पोरगी, काही वाईट घडल्याचं कळलं तर गावात मिटवायला बसू नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर रात्रंदिवस चालतो. तो भिंतीवर वेळापत्रकाशेजारीच रंगवा.

घरच्यांशी बोलणं

"पोरीच्या जातीले कबड्डी कायले पाह्यजे?" हे ऐकायची तयारी ठेवा. चौकात उत्तर देऊ नका. संध्याकाळी घरी जा, आधी आजीजवळ आणि मायजवळ बसा. बाप नाही म्हणतो त्यामागे बहुतेक वेळा तीन भीती असतात : लोक काय म्हणतील, हातपाय मोडला तर लग्न कसं होईल, आणि घरचं काम कोण करेल. पहिलीला उत्तर म्हणजे सराव उघड्यावर आणि बायांच्या नजरेसमोर. दुसरीला, पोरगी पडायला कशी शिकते ते बापाला मैदानावर बोलावून दाखवा. तिसरीला, कामाच्या वेळेशी सरावाची वेळ जुळवा. त्याच घरात भाऊ खेळायला जात असेल तर भावालाच सांगा, एक दिवसाआड पाणी तू भर. मी हे सांगितलेल्या कितीतरी पोरांनी घागर उचलली आहे.

नोकरीचं आमिष दाखवू नका. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, हे खरं. पण ते वरच्या पातळीवर खेळलेल्यांना. आशेवर आणलेलं पोर तालुक्यात हरल्यावर घरी बसवलं जातं. पोरीची भूक वाढली, ती वर्गात उत्तरं देते, एकटी बसनं तालुक्याला जाते, हे बापाला दाखवा. त्याच्या डोळ्यांसमोरचं आहे ते.

संघ निवडताना

कबड्डीच्या संघात बारा, मैदानात सात. निवडीचे निकष महिनाभर आधी लिहून लावा : हजेरी (काढणीचे आणि वेचणीचे दिवस वगळून), दम, पकड, सोबत्याला मदत. निवड एकट्यानं करू नका, शेजारच्या गावच्या प्रशिक्षकाला बोलवा. सरपंचाचा पोरगा बाहेर राहिला तर निकषाचा कागदच तुमच्या बाजूनं बोलतो. गावातल्या गावात सामने असतील तेव्हा आलेल्या प्रत्येक पोराला निदान एक हाफ द्या. तालुक्याला न्यायचे बारा ठरले तरी उरलेल्यांचा सराव त्याच वेळी, त्याच मैदानावर चालू राहिला पाहिजे.

आणि कागदपत्रं जुलैतच गोळा करा. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात, तालुका, जिल्हा, विभाग, मग राज्य. प्रवेशाला जन्मतारखेचा पुरावा, आधार आणि शाळेचा दाखला लागतो. गावातल्या पोरांच्या घरी फाईल तयार असते. तांड्यावरच्या, पोडावरच्या, पारधी बेड्यावरच्या पोरांचा जन्मदाखला नसतो किंवा आधारवर भलतीच तारीख असते, आणि बारापैकी चांगल्या खेळणाऱ्या दोघी आदल्या दिवशी बाहेर बसतात. शाळेच्या दाखल खारिज रजिस्टरचा उतारा काढा, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून जन्मनोंदीची चौकशी करा, आधार दुरुस्तीला पोर आणि पालक दोघांना स्वतः घेऊन जा. त्या दिवसाची आईची मजुरी बुडते, ती मंडळाच्या पैशातून द्या. दिवाळीनंतर आईबापासोबत कामाला बाहेर जाणाऱ्या पोरांची नावं वहीतून कापू नका. ती उन्हाळ्यात परत येतात, आणि त्यांच्या फायलीही जुलैच्या गठ्ठ्यात असल्या पाहिजेत.